रोज पाऊण तास चालूनही साखर का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, राहणं पुण्यात, काम बैठं. दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला. सकाळच्या नाश्त्याबरोबर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गेले सहा महिने रोज सकाळी साडेसहाला मित्रांबरोबर पाऊण तास चालणं होतं, खंड क्वचितच. तरी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ७.६ टक्क्यांवरून ७.४ पर्यंतच आली. उपाशीपोटी साखर १२८, जेवणानंतर दोन तासांनी २१४. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं, आणि टेकडी उतरताना उजवा गुडघा दुखायला लागला. चालण्याचे फायदे सगळेच सांगतात, मग मला ते का दिसत नाहीत? चालणं सोडून जिम लावू का?

चालणं सोडू नका. सहा महिने नेमाने पहाटे घराबाहेर पडणं हीच यातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती तुम्हाला जमली आहे. चुकतं आहे ते मात्रेत. गोळीची जशी मात्रा असते, वेळ असते, तशी चालण्यालाही असते. तुम्ही योग्य औषध चुकीच्या वेळी आणि अर्ध्या मात्रेत घेत आहात, एवढाच याचा अर्थ.

आधी तुमचे आकडे बघू. उपाशीपोटी १२८ म्हणजे जवळपास ठीकच. साधारण ८० ते १३० च्या मध्ये ती असावी, असं धरतात. जेवणानंतरची साखर १८० च्या आत हवी, तुमची २१४ आहे. म्हणजे तुमचा बिघाड जेवणानंतरच्या दोन-तीन तासांत आहे. तुम्ही चालता मात्र सकाळी साडेसहाला, जेव्हा साखर फारशी वाढलेलीच नसते. दुपारी दोनला आणि रात्री साडेदहाला, जेव्हा ती चढलेली असते, तेव्हा तुम्ही खुर्चीत किंवा सोफ्यावर असता.

जेवणानंतर चालल्याने नेमकं काय होतं ते समजून घेतलं, तर पुढचं सगळं आपोआप पटेल. रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत शिरायला पेशीच्या भिंतीवर दारं लागतात. एरवी ही दारं इन्सुलिन उघडतं. टाइप २ मधुमेहात नेमकं इथंच अडतं: इन्सुलिन असतं, पण दार नीट उघडत नाही. मात्र स्नायू आकुंचन पावू लागला की ती दारं इन्सुलिनशिवायही पेशीच्या आतून वर येतात आणि साखर आत घेतात. मांड्या, पोटऱ्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. ते चालत असतात तोवर साखरेला इन्सुलिनचा दरवाजा सोडून दुसरी वाट मिळते. चालणं थांबल्यावर ही दुसरी वाट हळूहळू बंद होते, पण स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता पुढे एक-दोन दिवस सुधारलेली राहते. म्हणूनच चालण्यात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असं सांगतात. रविवारी दोन तास चालून आठवडा भरून निघत नाही, त्याचं कारणही हेच.

आपल्याकडे शतपावली म्हणतात ती याच जागी बसते. फक्त शंभर पावलं हा हिशेब आज पुरत नाही. शंभर पावलं म्हणजे साधारण एक मिनिट. गच्चीवर दोन फेऱ्या मारून आत आलात तर शब्द पाळला जातो, साखर तशीच राहते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेला अभ्यास इथं उपयोगी आहे. काही दिवस त्यांना रोज कधीही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. एकूण मिनिटं तेवढीच. तरी जेवणानंतर चालले त्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २२ टक्के. रात्रीचाच फरक मोठा का? कारण दिवसातलं सगळ्यात भरगच्च जेवण बहुतेक घरांत रात्रीचं असतं, आणि त्यानंतर माणूस अजिबात हलत नाही. तुमच्या घरीही जेवण साडेनऊला आणि झोप अकराला असेल, तर हा दीड तासच तुमच्यासाठी दिवसातला सगळ्यात मोलाचा आहे.

करायचं असं. शेवटचा घास खाल्ल्यावर पंधरा ते तीस मिनिटांच्या आत बाहेर पडा. जेवणानंतर साखर साधारण तासा-दीड तासाने शिखर गाठते. ती चढत असतानाच स्नायू कामाला लागले पाहिजेत. रात्री १५ मिनिटं, दुपारी १० मिनिटं. नाश्ता पोह्यांचा, उपम्याचा किंवा इडलीचा असेल तर त्यानंतरही १० मिनिटं. यात धाप लागेल असं चालायचं नाही. सोसायटीच्या आवारात, जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये, पावसाळ्यात घरातल्या घरात चाललं तरी काम होतं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी रमतगमत चालावं, वाकायची कामं टाळावीत. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी भरपेट जेवणानंतर जोरात चालू नये, कारण त्या वेळी रक्त आतड्यांकडे वळलेलं असतं आणि छातीत दुखण्याची शक्यता वाढते. त्यांनी जेवण हलकं ठेवावं आणि वेग किती हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आता वेगाकडे. इथं बहुतेकांची फसगत होते, कारण आपण भरभर चालतो असं प्रत्येकालाच वाटतं. मोजून बघा. घड्याळात ३० सेकंद लावा आणि फक्त उजवा पाय जमिनीला टेकतो तेव्हा मोजा. आकडा चारने गुणा, म्हणजे मिनिटाची पावलं मिळतील. उजवा पाय २५ वेळा टेकला तर मिनिटाला १००, २८ वेळा टेकला तर ११२, ३० वेळा तर १२०. मध्यम श्रमाचं चालणं सुरू होतं ते साधारण १०० पासून. उंच माणसाला थोडी कमी पावलं चालतात, बुटक्याला थोडी जास्त लागतात. गप्पा मारत, चौघं एका ओळीत, मध्येच थांबून हात जोडत चालणाऱ्यांचा आकडा बहुधा ७० ते ८० च्या घरात निघतो. त्याला चालणं म्हणायला हरकत नाही, पण त्याने हृदयाला आणि स्नायूंना काही नवं शिकावं लागत नाही.

मोजायचा कंटाळा असेल तर बोलून पाहा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग बरोबर. गाणं आरामात म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त आहे. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. अशांना बोलून पाहण्याची ही खूणच खरी.

वेग वाढवायचा म्हणजे ढांग लांब टाकायची नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. लांब ढांगेत टाच शरीराच्या फार पुढे पडते, दर पावलाला ब्रेक लागल्यासारखा धक्का बसतो, आणि तो गुडघ्यात आणि नडगीत जातो. पावलं आखूड ठेवा आणि त्यांची संख्या वाढवा. कोपर काटकोनात वाकवून हात मागे न्या. हात जितके लवकर परततात तितके पाय लवकर पडतात. मोबाइल हातात धरला की हात हलायचा थांबतो आणि वेग तिथंच बसतो, म्हणून तो खिशात ठेवा. नजर पायाखाली नको, पंधरा-वीस फूट पुढे असू द्या. नवीन वेगाने चालू लागल्यावर पहिल्या आठवड्यात नडगीच्या पुढच्या बाजूला ओढ बसल्यासारखं दुखतं. पंजा वर उचलणारा स्नायू दमल्याची ती खूण आहे. वेग दोन-चार दिवस उतरवला की थांबतं. न थांबता हाडाच्या एका बिंदूवरच बोट ठेवल्यावर दुखत असेल तर मात्र चालणं बंद करून दाखवून घ्या.

वेग वाढवण्याची सगळ्यात चांगली रीत जपानमधल्या मात्सुमोतो इथल्या शिन्शू विद्यापीठात तपासली गेली: तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच जोड्या, म्हणजे अर्धा तास. आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांत मध्यमवयीन आणि वयस्क लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दम वाढला, रक्तदाब उतरला. एकाच संथ वेगाने चालणाऱ्यांत तेवढा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली हाच प्रकार टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर चार महिने करून पाहिला. एकूण श्रम दोन्ही गटांत सारखे ठेवले होते. तीन-तीन मिनिटांचा खेळ करणाऱ्यांची साखर, पोट आणि दम तिन्ही सुधारले. एका वेगात चालणाऱ्यांचं फारसं काही बदललं नाही. तुमच्या सहा महिन्यांची गोष्ट जवळपास या दुसऱ्या गटाचीच आहे.

म्हणून सकाळचं चालणं ठेवा, पण आठवड्यातले तीन दिवस त्याचं रूप बदला. पाच मिनिटं सावकाश, मग तीन-तीन मिनिटांच्या पाच जोड्या, शेवटी पाच मिनिटं सावकाश. भरभर म्हणजे मिनिटाला ११५ ते १२०. पहिल्या आठवड्यात दोनच जोड्या करा, दर आठवड्याला एक वाढवा. उरलेल्या दिवशी मित्रांबरोबर चाला. मित्र सोडायचे नाहीत. नेम टिकतो तो त्यांच्यामुळे.

वजनाचा हिशेब थोडक्यात, कारण यात चालण्याकडून लोक भलतीच अपेक्षा ठेवतात. सपाटीवर एक किलोमीटर चालायला बसून राहण्यापेक्षा किलोमागे साधारण अर्धी कॅलरी जास्त लागते. तुमच्या ८२ किलोला एका किलोमीटरला सुमारे ४०. थांबत-बोलत पाऊण तासात सव्वादोन किलोमीटर होत असतील तर हिशेब नव्वदच्या आसपास येतो. मग टपरीवर दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बिस्किटं झाली की दीडशे परत आल्या. बागेबाहेर मिळणारा फळांचा रस तर मधुमेह्याने हातातच घेऊ नये. एका ग्लासात पाच चमच्यांएवढी साखर सहज असते आणि चोथा काढून टाकलेला असतो. कारलं, दुधी, आवळा यांच्या रसाने चालण्याचा फायदा वाढतो असंही काही नाही. चालण्याने वजन आपोआप झरझर उतरत नाही, उतरलेलं पुन्हा चढू नये यासाठी मात्र ते फार उपयोगी आहे. तुमच्यासाठी लक्ष्य चार ते सहा किलोंचं ठेवा, आणि ते ताटातून साधा: भात-पोळी दोन्हीऐवजी एक, आणि वरण-उसळीचं प्रमाण दुप्पट. वजनकाट्यापेक्षा टेपने पोट मोजा. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईत ८० च्या वर गेलं की धोका वाढतो. वजन तेवढंच राहून पोट दोन सेंटिमीटर कमी झालं तर चालणं लागू पडतं आहे असं समजा.

वेळ आणि वेग यांच्यानंतर उरलेला दिवस हा तिसरा भाग. सकाळी पाऊण तास चालून नंतर नऊ तास खुर्चीत बसलं तर पायांचे स्नायू त्या नऊ तासांत जवळजवळ बंदच असतात. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटं चाला. पाण्याची बाटली लहान ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल. फोनवरचं बोलणं उभ्याने करा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बसून राहण्यात असा खंड पाडल्याने जेवणानंतरची साखर कमी राहते हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

हे सगळं केल्यावर मिळतं किती, असं विचाराल. नियमित चालण्याने एचबीएवनसी सरासरी अर्ध्या टक्क्याने उतरतं. एखादी नवी गोळी सुरू केल्यावर जेवढं उतरतं त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचा निष्कर्ष २००६ मध्ये आला. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांपैकी ज्यांना रोज किमान अर्धा तास भरभर चालायला आणि आहार बदलायला लावलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी. आपल्याच माणसांवरचा, आपल्याच आहारातला हा आकडा आहे, म्हणून तो मला परदेशी आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. तुमच्या मुलांना आणि भावंडांना तो आधी सांगा, कारण ते आज उंबरठ्यावर असण्याची शक्यता बरीच आहे.

साखरेपलीकडचे फायदेही खरे आहेत. रक्तदाब वाढलेला असेल तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. हृदयाबद्दलचा पहिला ठळक पुरावा लंडनच्या दुमजली बसमधला: जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी होता. झोप सुधारते, बद्धकोष्ठता कमी होते, मन हलकं राहतं. हाडांबद्दल मात्र थोडं सांभाळून बोलायला हवं. नुसत्या सपाट चालण्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही; त्यासाठी ताकदीचे व्यायाम लागतात. आणि पहाटे चालून ड जीवनसत्त्व मिळतं हा समज सोडा. ते बनवणारे किरण सकाळी साडेसहाच्या कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच, ते दुपारच्या आगेमागे असतात.

दहा हजार पावलांचंही असंच. हा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या ‘मानपोकेई’ नावाच्या पावलं मोजायच्या यंत्रातून आला. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं माप. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकी बायकांवरचा मोठा अभ्यास आला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढत गेला नाही. तुमच्या वयाला आठ हजार पुरेत. त्यातली तीन हजार तरी भरभर असावीत, हे त्या एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आठच्या आकारात चालणं, उलटं चालणं यांचा सध्या फार गाजावाजा आहे. आठच्या आकारात सारखं वळावं लागतं, त्यामुळे वेग पडतो आणि दुखरा गुडघा पिळला जातो. तुम्ही ते करू नका.

गुडघा

सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, पायऱ्या उतरताना साडेतीनपट. तुमचं दुखणं उतारावरच येतं, हे त्यामुळे अगदी अपेक्षित आहे. उतारावर शरीराला अडवून धरायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं. तो कमजोर असला की भार वाटीवर आणि कुर्चेवर पडतो. सहा आठवडे टेकडी बंद ठेवा, किंवा चढून जा आणि गाडीरस्त्याने सावकाश उतरा. पर्वतीसारख्या पायऱ्या असतील तर कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाकून उतरा. चढताना उलट, चांगला पाय आधी.

सपाटीवर चालणं मात्र चालूच ठेवा. झीज आहे म्हणून चालणं सोडलं तर मांडी आणखी बारीक होते आणि गुडघा आणखी दुखतो. दुखणं दहापैकी किती, हे स्वतःला विचारा. चालताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर हरकत नाही. चारच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली, तर वेळ निम्मी करा, दिवस कमी करू नका. वजनाचा हिशेब इथं सगळ्यात भारी पडतो: एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो.

आठवड्यातून दोन दिवस हे तीन व्यायाम करा. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठ-बस, दहा वेळा, तीन फेऱ्या; बसताना तीन मोजत सावकाश बसायचं, कारण खरं काम बसतानाच होतं. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ वीतभर उचलणं, पाच मोजून खाली, दहा-दहा वेळा. आणि ओट्याला हात टेकवून टाचा वर उचलणं, पंधरा वेळा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या जोडीला दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, ते चालणाऱ्यांकडून बहुधा राहूनच जातात.

पावलं आणि बूट

मधुमेहात नसा बधिर होऊ लागल्या की खडा टोचलेला कळत नाही. म्हणून घालण्याआधी बुटात हात घालून आतून चाचपा. मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे घ्या, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बेचक्या कोरड्या पुसा, तेल किंवा क्रीम टाचेला लावा, बेचकीत नको. दवातल्या गवतावर अनवाणी चालल्याने नजर सुधारते याला आधार नाही; मधुमेह्याला त्यात काटा-काच लागण्याचाच धोका. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना जाड मोजे घाला. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांनी तर कोरड्या मोज्यांचे तीन-चार जोड आणि रोज संध्याकाळची पायतपासणी सोडू नये, कारण पावसात ओल्या राहिलेल्या बेचकीतूनच जखमेची सुरुवात होते.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ बसतो. तुमच्या वेगाने रोज तीन-चार किलोमीटर होत असतील तर सहा ते आठ महिने. ओळखायची सोपी खूण: बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं स्वाभाविक आहे. पण बूट एका बाजूला कललेला दिसत असेल तर तो आता गुडघ्यालाही तसाच कलवतो आहे. वरून नवाकोरा दिसत असला तरी बदला.

साखर खाली जाण्याचा धोका

मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं, आणि चालणं वाढवल्यावर ती शक्यता वाढते. पहिले दोन आठवडे सकाळी निघण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर बघा. सकाळी १०० च्या खाली असेल तर एक छोटं वेलची केळं खाऊन निघा. चालताना अचानक घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरापर्यंत पोचू असं म्हणू नका, तिथंच बसा. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट या वेळी कामाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. साखरेची पुडी खिशात, आणि नाव, औषधं, घरचा फोन लिहिलेलं कार्ड पाकिटात.

हिवाळ्यात आणखी एक पथ्य. थंड हवा जमिनीलगत अडकून राहते, आणि पहाटे शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर खालीच साचतो. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांना वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालवून पाहिलं, तेव्हा रस्त्यावर चाललेल्यांत फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना मिळणारा फायदा बराचसा पुसला गेला. डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावर निघा आणि मुख्य रस्ता टाळा.

पुढच्या लक्षणांत मात्र चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: चालताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, किंवा नेहमीच्याच अंतराला नव्याने लागणारी धाप. मधुमेह्याला छातीत न दुखताही झटका येतो, म्हणून नुसता दम आणि घामही हलक्यात घेऊ नका. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिल्यावर दोन मिनिटांत जातो, हे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं चिन्ह असू शकतं. वर्षातून एकदा पावलांची संवेदना आणि घोट्याजवळची नाडी तपासून घ्या.

आता तुमचे बारा आठवडे. पहिले दोन आठवडे सकाळचं आहे तसंच ठेवून फक्त रात्रीची १५ आणि दुपारची १० मिनिटं सुरू करा. एकाच वेळी सगळं बदलायला गेलात तर गुडघाही बोलेल आणि नेमही मोडेल. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी तीन दिवस तीन-तीन मिनिटांच्या जोड्या, दोनपासून पाचपर्यंत वाढवत. चौथ्यापासून खुर्चीचे व्यायाम. सातव्यात टेकडी पुन्हा, आठवड्यातून एकदाच, उतरताना आखूड पावलांनी. पहिल्या दिवशी आणि मग दर महिन्याला एकाच वारी, त्याच जेवणाच्या दोन तासांनंतरची साखर आणि पोटाचा घेर वहीत लिहून ठेवा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचं बोलतं, ते बाराव्या आठवड्याच्या आधी करून काही कळणार नाही. मधल्या काळात सकाळची साखर वरचेवर ८०-९० दिसू लागली तर बाराव्या आठवड्याची वाट पाहू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करायची का, हे विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.